नोकरीत नवा आहेस, तर एवढं बघ

हिंजवडीत रुजू होतोयस ना? आधी टाइमशीट सांभाळ. आपली ख्रिस्ती साक्ष, म्हणजे वागण्यातून दिसणारा आपला विश्वास, बहुधा तिथेच बिघडते. 6 तास काम करून 8 भरू नकोस, ‘सगळेच भरतात’ म्हणतील तरी. रोज निघण्यापूर्वी भर. शुक्रवारी आठवून भरलं की आकडे फुगतातच. काम अडलं तर नुसतं ‘होतंय’ नको, किती झालं, कुठे अडलं ते सांग. बायबलमधलं मत्तय 5:37 (तुमचं बोलणं ‘होय’ तर होय, ‘नाही’ तर नाही, एवढंच असावं) ऑफिसात असंच पाळायचं.

गुड फ्रायडेची तारीख दरवर्षी बदलते आणि खासगी कंपनीत सुट्टी असेलच असं नाही. जानेवारीतच रजा टाक, बदल्यात दिवाळीची शिफ्ट घे.

खंडेनवमीच्या पूजेला नाक मुरडू नकोस (हे आपल्यातले बरेच जण करतात). हात जोडायचे नसतील तर शांत उभा राहा, पण खुर्च्या लावायला पुढे हो.