वाचकांचे प्रश्न : हार्डटेलला नवा फोर्क निवडताना

पावसाळा सरला की हार्डटेलच्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या सायकलच्या, फोर्कबद्दलची (पुढचं चाक धरणाऱ्या दुशाखी भागाबद्दलची) पत्रं वाढतात. चार महिने चिखल, पाणी आणि गंज सोसलेला फोर्क पहिल्या कोरड्या राइडला खडखडू लागतो आणि मालक नव्याच्या शोधात निघतो. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझी २७.५ इंची हार्डटेल सहा वर्षांची आहे. १०० मिमीचा कॉइल स्प्रिंगचा फोर्क, साधं क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक एक्सल), डिस्क ब्रेक. दुकानदार म्हणतो, २७.५चा कुठलाही फोर्क बसेल. ओळखीतला एकजण टेपर्ड स्टीअररचा, १५ मिमी थ्रू-एक्सलचा (फोर्कच्या पायांतून आरपार जाणाऱ्या जाड एक्सलचा) एअर फोर्क, म्हणजे हवेच्या स्प्रिंगचा फोर्क, स्वस्तात देतो आहे. घेऊ का? — एक वाचक, नाशिक

आधी मोजा, मग ठरवा. चाकाचा आकार जुळणं आवश्यक आहेच, पण फोर्क बसेल की नाही ते हेडट्यूब, म्हणजे फ्रेमची सर्वांत पुढची उभी नळी, ठरवते. जुना फोर्क उतरवून स्टीअररला, म्हणजे हेडट्यूबमधून वर जाणाऱ्या नळीला, व्हर्नियर लावा. वरून खालपर्यंत २८.६ मिमी भरलं तर तो सरळ स्टीअरर. वर २८.६ आणि क्राउनजवळ, म्हणजे फोर्कचे दोन पाय जोडणाऱ्या भागाजवळ, ४० मिमीच्या आसपास भरलं तर टेपर्ड.

त्यानंतर हेडसेटचे, म्हणजे हेडट्यूबच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगचे, कप काढून हेडट्यूबचा आतला व्यास बघा. दोन्ही टोकांना ३४ मिमी असेल तर त्यात फक्त सरळ स्टीअरर जातो. टेपर्ड बसवायचा कोणताही मार्ग नाही. हेडट्यूब आतून घासून मोठी करून देण्याची तयारी कुणी दाखवली तर स्पष्ट नकार द्या, कारण तिथली भिंत पातळ झाली की तडा जातो आणि हा तडा हँडलखालीच असतो. दोन्ही टोकांना ४४ मिमी असेल तर खाली बाहेरचा कप असलेला हेडसेट लावून टेपर्ड फोर्क बसवता येतो. मात्र त्या कपामुळे सायकलचं तोंड १० ते १२ मिमी वर जातं. वर ४४ आणि खाली ५६ असेल तर फ्रेम टेपर्डसाठीच बनवलेली आहे. अशा फ्रेममध्ये सरळ स्टीअररचा फोर्कही योग्य मापाची क्राउन रेस (क्राउनवर बसणारी, खालच्या बेअरिंगची कडी) घालून चालतो.

दुसरी अडचण एक्सलची. तुमचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ९ मिमी क्विक रिलीजचा, १०० मिमी रुंदीचा. काही सीलबंद बेअरिंगच्या हबना टोकाच्या टोप्या बदलून १५ मिमीचं करता येतं. पण सुट्या गोळ्यांचा, आट्यांच्या एक्सलवर कोन आवळलेला साधा हब तसा बदलत नाही. म्हणजे नवा हब, नवं चाक विणणं, आणि 'स्वस्तात' मिळालेला फोर्क महागात. तो फोर्क १५ बाय ११० बूस्टचा, म्हणजे ११० मिमी रुंद हबसाठीचा, असेल तर प्रत्येक बाजूला आणखी ५ मिमी भरून काढावे लागतात आणि रोटरही तेवढाच बाहेर सरकवावा लागतो.

तुमची हेडट्यूब ३४ची निघाली तर आमचा सल्ला असा : सरळ स्टीअरर, ९ मिमी ड्रॉपआउट (एक्सलची खाच), १०० मिमी ट्रॅव्हल (फोर्क दबण्याचं पूर्ण अंतर), एअर स्प्रिंग, पोस्ट माउंट ब्रेक (कॅलिपर थेट फोर्कला बसणारा), आणि खरा रिबाउंड डॅम्पर, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग आवरणारी यंत्रणा. रॉकशॉक्सचे जुडी आणि रेकॉन, एसआर सनटूरचा एक्ससीआर एअर, मॅनिटूचा मार्खोर हे या मापांत निघालेले आहेत. पण हीच नावं टेपर्ड आणि थ्रू-एक्सलच्या आवृत्त्यांवरही असतात. म्हणून नाव बघून मागवू नका, खोक्यावरचं पूर्ण वर्णन वाचून मागवा.

लॉकआउटचा, म्हणजे फोर्क दबू न देणारा, खटका ही चांगल्या फोर्कची खूण नाही. खटका अगदी हलक्या दर्जाच्या फोर्कवरही असतो. उजव्या पायाच्या तळाशी रिबाउंडचा नॉब आहे का आणि तो फिरवल्यावर वर येण्याचा वेग खरोखर बदलतो का, ते बघा. दाबलेली स्प्रिंग साठवलेला जोर परत फेकते. तो जिरवणारं काही नसेल तर दगडांच्या ओळीवर चाक एका दगडावरून उसळून पुढच्या दगडाला हवेतच भेटतं. तेव्हा ना ब्रेक नीट लागतो, ना वळण घेता येतं.

प्रश्न : त्याच सायकलला १००ऐवजी १४० मिमीचा फोर्क लावला तर उतारावर जास्त मजा येईल ना? — पुणे

उतार सोपा वाटेल, सायकल मात्र बिघडेल. इथे ट्रॅव्हलपेक्षा महत्त्वाचं माप आहे ते एक्सलच्या मध्यापासून क्राउन रेस बसते तिथपर्यंतची उंची. ट्रॅव्हल ४० मिमीने वाढला की ही उंचीही साधारण तेवढीच वाढते. दर २० मिमीला हेडट्यूबचा कोन सुमारे १ अंशाने मागे कलतो. सीटचा कोनही तेवढाच मागे जातो आणि पेडलांचा मधला भाग वर उचलला जातो. परिणाम चढावर दिसतो : वजन मागच्या चाकावर जातं, पुढचं चाक हलकं पडून भरकटतं. सिंहगडासारख्या लांब चढावर हे हाताखांद्यांना चांगलंच जाणवेल.

याहून गंभीर बाब फ्रेमची. फोर्क ही लांब तरफ आहे. ती जितकी लांब, तितका हेडट्यूब आणि डाउनट्यूबच्या जोडावर ताण अधिक. १०० मिमीसाठी बनवलेल्या फ्रेमला १२० मिमी बहुधा चालतो, तोही फ्रेम बनवणाऱ्याने मान्यता दिली असेल तरच. १४० नकोच. शिवाय उंची तुलना करताना दोन्ही फोर्क एकाच चाकाच्या मापाचे असू द्या. २९ इंचीचा १०० मिमी फोर्क २६ इंचीच्या १०० मिमीपेक्षा बराच उंच असतो. उलट दिशेचा प्रयोग, म्हणजे २६च्या फोर्कमध्ये २७.५चं चाक, हा तर धोकाच आहे. फोर्क पूर्ण दाबला गेला की टायर क्राउनला घासतो आणि चाक जागीच अडकतं. नवा एअर फोर्क बसवल्यावर सगळी हवा काढून तो तळापर्यंत दाबा. टायर आणि क्राउन यांच्यात किमान ५-६ मिमी फट राहिली पाहिजे.

प्रश्न : फोर्क हलतो, आवाज येतो, आणि दाबला की अडकतो. लाल चिखलात बरीच सायकल चालवली आहे. बदलावा लागेल का? — रत्नागिरी

आधी ढिलाई नक्की कुठे आहे ते शोधा. पुढचा ब्रेक दाबून धरा, एक बोट हेडसेटच्या खालच्या कप आणि क्राउनच्या फटीवर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. तिथे टकटक जाणवली तर दोष हेडसेटचा. तो आवळणं किंवा बेअरिंग बदलणं एवढंच काम. मग बोट वायपर सील आणि स्टँशन, म्हणजे चकचकीत नळी, यांच्या सांध्यावर ठेवून तसंच हलवा. तिथे हालचाल असेल तर आतले बुश, म्हणजे स्टँशन ज्यांवर सरकते त्या कड्या, झिजलेत. हलक्या फोर्कमध्ये ते बहुधा प्लास्टिकचे असतात आणि बदलून मिळणं कठीण. असा फोर्क निवृत्त करणंच योग्य. स्टँशनवर नखाला लागतील असे ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील तरी तेच. ते नवं सील काही दिवसांत फाडतात.

बुश आणि स्टँशन ठीक असतील तर फोर्क बहुधा फक्त कोरडा पडला आहे. चाक आणि ब्रेक काढा. एअर फोर्क असेल तर सगळी हवा सोडा. रिबाउंडचा नॉब ओढून काढा. दोन्ही पायांच्या तळाचे बोल्ट चार-पाच आटे सैल करा आणि पाना बोल्टमध्ये ठेवूनच त्यावर रबरी हातोडीने ठोका, म्हणजे आतला दांडा सुटतो. मग बोल्ट पूर्ण काढून खालचे पाय खाली ओढा. काळं तेल आणि लाल गाळ निघेल. सगळं आतून पुसून घ्या, सीलखालच्या फोमच्या कड्या धुऊन फोर्क ऑइलमध्ये भिजवा, सीलच्या ओठांना सस्पेन्शनचं ग्रीस लावा. पाय अर्धे वर चढवून सायकल उलटी कलती ठेवा आणि तळाच्या भोकांतून प्रत्येक पायात पत्रकात सांगितलेलं तेल घाला. ते बहुधा ५ ते १० मिली असतं. बोल्टांखालचे वॉशर नवे वापरा, नाहीतर तेल तिथूनच गळेल.

फोर्क ऑइलऐवजी इंजिन ऑइल नको. गंज सोडवणारा फवारा तर अजिबात नको. तो ग्रीस धुऊन नेतो आणि दोन दिवस गुळगुळीत वाटणारा फोर्क तिसऱ्या दिवशी आणखी कोरडा पडतो. दुचाकी धुण्याच्या जोरदार पाण्याचा झोत सीलवर मारू नका. अनेक उत्पादक खालच्या पायांची ही सफाई ५० तासांच्या वापरानंतर सांगतात. कोकणच्या पावसात त्याच्या निम्म्यावरच करावी असं आमचं मत आहे.

प्रश्न : माझं वजन ५२ किलो. फोर्क दगडावरही दबत नाही. प्रीलोडचा नॉब पूर्ण सोडला तरी फरक नाही. — सातारा

फरक पडणार नाही. प्रीलोड फक्त स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते बदलतो, स्प्रिंगचा कडकपणा नाही. तुमच्या फोर्कला मऊ स्प्रिंग मिळत असेल तर ती सर्वात स्वस्त उपाय. नवाच घ्यायचा असेल तर हलक्या चालकाने एअर घ्यावा. हवा कमी केली की तोच फोर्क तुमच्या वजनाचा होतो.

हवा भरायला शॉक पंपच लागतो. फोर्कमधली हवा इतकी थोडी असते की टायरच्या पंपाने नेमका दाब राखता येत नाही. पायावर छापलेल्या तक्त्यातला दाब भरा, स्टँशनवरची रबरी कडी सीलपर्यंत खाली ढकला, नेहमीचं सामान घेऊन सायकलवर अलगद बसा, न उसळता उतरा. १०० मिमीच्या फोर्कमध्ये कडी १५ ते २० मिमी वर सरकलेली असावी. कमी सरकली तर हवा थोडी काढा. पंप पुन्हा लावल्यावर आकडा कमी दिसला तर घाबरू नका. थोडी हवा पंपाच्या नळीत गेलेली असते.

प्रश्न : फोर्क आणला आहे, पण गावातल्या मेकॅनिककडे खास हत्यारं नाहीत. तो बसवू शकेल का? — अलिबाग

बसवू शकेल, फक्त घाई न करता. जुनी क्राउन रेस सपाट पट्टीने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकत काढा. एकाच बाजूने ठोकली तर ती तिरकी अडकते. नव्या फोर्कवर बसवताना स्टीअररवर जेमतेम जाईल अशी पीव्हीसी नळी वापरा आणि रेस क्राउनला सगळीकडून टेकली आहे याची खात्री करा.

स्टीअरर कापण्यापूर्वी फोर्क, हेडसेट, स्पेसर आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) सगळं रचून स्टेमच्या वरच्या कडेला खूण करा, आणि त्या खुणेच्या ३ मिमी खाली कापा. वर ही ३ मिमी फट राहिली नाही तर टोपी आवळूनही बेअरिंग दाबलं जात नाही. शंका असेल तर एक स्पेसर जास्त ठेवून लांबच कापा. कमी कापलेला पुन्हा कापता येतो. जुना स्टेम कापायच्या जागेवर आवळून त्याच्या कडेने बारीक दात्यांची करवत चालवली की काप सरळ येतो. कडा कानशीने घासा. स्टार नट, म्हणजे टोपीचा बोल्ट ज्यात आवळला जातो तो नट, कडेपासून सुमारे १५ मिमी आत, सरळ रेषेत ठोका.

आवळण्याचा क्रम चुकवू नका : आधी वरच्या टोपीचा बोल्ट, हळूहळू, ढिलाई जाईपर्यंतच. हँडल मोकळं फिरायला हवं. मग स्टेमचे बाजूचे बोल्ट आळीपाळीने, स्टेमवर छापलेल्या टॉर्कइतके. बहुतेकांवर ५ ते ६ न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. हँडल धरून ठेवण्याचं काम या बोल्टांचं आहे, टोपीचं नाही. शेवटी ब्रेकचा कॅलिपर सैल करून ब्रेकचा लिव्हर दाबून धरा आणि तसाच आवळा. नव्या फोर्कचं माउंट १८०चं असेल आणि रोटर १६०चा, तर पॅड रोटरच्या कडेबाहेर जातात. तिथे रोटरच बदलावा लागतो.

प्रश्न : जुन्या २६ इंचीला व्ही-ब्रेक आहेत. नवा फोर्क मिळेल का? — सोलापूर

ब्रेकचे खुंट असलेले २६चे साधे फोर्क अजून मिळतात, पण चांगले एअर फोर्क जवळजवळ सगळे फक्त डिस्कचे आहेत. त्यांच्यासाठी पुढचा डिस्क हब आणि ब्रेकही घ्यावा लागेल. सायकल मुख्यतः शहरात चालत असेल तर सस्पेन्शनच्याच उंचीचा, खुंट असलेला स्टीलचा कडक फोर्क लावा. त्याची उंची जुन्या फोर्कच्या उंचीतून त्याचा सॅग, म्हणजे चालक बसल्यावर तो दबतो ते अंतर, वजा करून निवडा. सायकल हलकी होईल आणि दरवर्षीची सील-तेलाची कटकट संपेल.