टॅरंट्युला कोळी कात टाकणार आहे की त्याला दुखापत झाली आहे, हे तपासायचे कसे?

आपण लिहिले आहे की कोळी महिनाभर खात नाही, उदरावरचा टक्कल पडलेला भाग काळवंडला आहे, मागचा एक पाय तो आखडून धरतो, आणि म्हणून त्याला हातावर घेऊन, उलटा करून तपासावे काय, अशी आपली विचारणा आहे. तपासू नका. तो उघडा भाग काळवंडतो, कारण जुन्या कवचाखाली तयार झालेले नवे केस आतून दिसू लागतात. म्हणजे कात टाकण्याची वेळ जवळ आलेली असते. अशा वेळी कोळी हातातून निसटून वीत-दीड वीत उंचीवरून पडला तरी उदर फुटू शकते. उपवासाला मात्र फार महत्त्व देऊ नका. आमच्या घरची चिलीची रोज-हेअर जातीची मादी कात टाकण्याशी काहीही संबंध नसताना महिनोनमहिने उपाशी राहते, आणि तिच्या जातीचा तो लौकिकच आहे. उदर टपोरे असेल तर उपवास चालू द्यावा. ते सुरकुतलेले, बारीक झालेले असेल तर आधी पाण्याची वाटी काठोकाठ भरून ठेवावी.

एवढे सांगून थांबता आले असते, परंतु "उलटा करून तपासावे काय" हे शब्द वाचल्यावर मला माझ्या पत्नीचे थोरले बंधू आठवले. ते तालुक्याच्या गावी कृषी केंद्र चालवतात. बोंडअळी, तुडतुडे, पांढरी माशी यांविषयी त्यांचा शब्द आमच्या आर्वी तालुक्यात अनेक शेतकरी मानतात, आणि तो मीही मानतो. माझी मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली तेव्हा तिने ही मादी डब्यासह आमच्याकडे ठेवली. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणून तो डबा आम्ही माजघरातल्या कोनाड्यात, कूलरचा थेट झोत लागणार नाही अशा बेताने ठेवला होता. एका दुपारी हे गृहस्थ जेवायला आले असताना त्यांनी डब्यात डोकावून पाहिले. मादी जाळ्याच्या पातळ गादीवर उताणी पडलेली होती आणि तिचे आठही पाय वर होते. "जावईबापू, हे तं मेलं," असे म्हणून त्यांनी डब्याचे झाकण काढलेसुद्धा.

त्यांच्या दृष्टीने निदान बरोबरच होते. औषध मारलेले झुरळ उताणे पडून मरते, आणि त्यांनी आयुष्यभर तशाच मेलेल्या किडी पाहिल्या आहेत. टॅरंट्युलाचे गणित याच्या उलट आहे. कोळ्याच्या पायांतल्या मुख्य सांध्यांना पाय दुमडणारे स्नायू असतात, ताणणारे नसतात. पाय ताणला जातो तो शरीरातील द्रवाच्या दाबाने. कोळी मरू लागला की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली मुडपले जातात. म्हणून सरळ बसलेला, सगळे पाय अंगाखाली ओढून घेतलेला कोळी हा खरा चिंतेचा विषय असतो. उताणा, पाय मोकळे पसरलेला कोळी कात टाकत असतो. एवढा एकच भेद पुष्कळ जणांना ठाऊक नसल्यामुळे किती जिवंत कोळी उकिरड्यावर गेले असतील, कोण जाणे.

मी त्यांचा हात धरला. त्यांचे म्हणणे असे पडले की मेली नसेल तर तिला लकवा झाला आहे, तेव्हा सुलटी करून पाहावे. त्यालाही मी नकार दिला, आणि त्यावरून जेवण होईपर्यंत वाद चालला. दिवेलागणीच्या सुमारास शिरोवक्षावरची ढाल कडेने सुटली, उदराची बाजू फाटली, आणि मादी एकेक पाय जुन्या कवचातून ओढून काढू लागली. सात पाय निघाले. डावीकडचा मागचा पाय टोकाशी अडकला तो अडकलाच.

इथून आमचा दुसरा वाद सुरू झाला, आणि तो लग्नकार्यांत अजून निघतो. त्यांचे मत असे की चिमट्याने धरून अलगद ओढले असते तर पाय वाचला असता. माझे मत असे की ताज्या कातेनंतर पाय इतका मऊ असतो की तो ओढणाऱ्याला पाहिजे तिथे नव्हे, तर भलत्याच ठिकाणी तुटतो, आणि मधोमध तुटलेल्या पायातून द्रव वाहत राहतो. मी मऊ कुंचल्याने, ग्लिसरीन मिसळलेल्या पाण्याचे थोडे थेंब फक्त अडकलेल्या कवचावर लावले; खालच्या बाजूला श्वासाच्या ज्या चार फटी असतात तिथे पाणी जाऊ दिले नाही. त्याने पाय सुटला नाही. काही दिवसांनी मादीने तो पाय स्वतःच मुळाशी, अंगाजवळच्या ठरलेल्या सांध्यात सोडून दिला. तिथली जखम लगेच मिटते. पुढच्या कातेच्या वेळी त्या जागी बारीक, आखूड पाय उगवला आणि त्यानंतरच्या कातेला तो जवळजवळ इतरांएवढा झाला. "पाय तुमच्यामुळे गेला" हे वाक्य जे अजूनही म्हणतात, त्यांनी तो परत कसा आला, याचेही उत्तर द्यावे.

आता आपल्या कोळ्याच्या आखडलेल्या पायाविषयी. पारदर्शक डबा असेल तर तो थोडा उंच धरून, खालून मोबाईलचा उजेड टाकून पाहा. सांध्याशी किंवा उदरावर पातळ, निळसर झाक असलेला ओलावा दिसला तर ते कोळ्याचे रक्त आहे. त्यात लोहाऐवजी तांब्याचे संयुग असल्यामुळे ते लाल नसते. पाझर थोडा असेल तर कुंचल्याने कॉर्नफ्लोअर दाबून लावावे. काही जण उदरावरच्या लहान चिरेला फेविक्विकचा थेंब लावतात. कात टाकणे सुरू झाले असेल तर यांपैकी काहीही करू नये. पाझर नसेल तर नुसत्या आखडलेल्या पायासाठी काहीच करू नका.

खरी तपासणी कातेनंतर होते, आणि ती कोळ्याची नव्हे, टाकलेल्या कातेची करायची असते. कात ओलसर असतानाच बाहेर काढून पाण्यात उलगडावी. पायांच्या आठही नळ्या टोकापर्यंत रिकाम्या आहेत की कुठे काही अडकले आहे, हे तिथे दिसते; मादी असेल तर उदराच्या आतल्या बाजूवरून तेही कळते. कात हाताळताना चेहऱ्याजवळ नेऊ नका. अमेरिकेकडच्या जातींच्या उदरावरचे केस खाजकुयलीसारखे अंगाला लागतात, आणि डोळ्यात गेले तर डॉक्टर गाठावा लागतो. कातेनंतर विषदंत पांढरे असतात, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. काळे होईपर्यंत खाऊ घालू नये, आणि डब्यात जिवंत रातकिडा मुळीच राहू देऊ नये, कारण मऊ कोळ्याला तोच कुरतडतो. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या वावरातून पकडलेले नाकतोडे तर कधीच नकोत. फवारणीचा अंश त्यांच्या अंगात असतो आणि कोळ्याला तो सोसत नाही. या एका मुद्द्यावर आमचे कृषी केंद्रवालेही माझ्याशी सहमत आहेत.

आपण जात लिहिलेली नाही, हे आधी विचारायला हवे होते. आपल्याकडच्या झाडांवर राहणाऱ्या पिसिलोथेरिया जातींना खाजरे केस नसतात, त्यामुळे टक्कल काळवंडण्याची खूण त्यांना लागू होत नाही; शिवाय त्यांच्या दंशाने स्नायूंमध्ये तीव्र पेटके येतात. २०१९ पासून त्या आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या साइट्स यादीत आहेत, मेक्सिकोची रेड-नी त्याआधीपासून आहे, आणि वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा यादीतले जिवंत परदेशी प्राणी बाळगण्याची नोंदणी करावी लागते. मादी नसून शेवटची कात टाकून झालेला नर असेल तर तो सहसा पुन्हा कात टाकत नाही, म्हणजे त्याचा आखडलेला पाय तसाच राहील. पुढच्या पायांवर आकड्यासारखे उंचवटे दिसतात का, ते पाहून जातीसह कळवा.