शब्दांची सोयरीक

प्रश्न : बाई, बँकेच्या परीक्षेसाठी मी दोन वर्षांत सतराशे इंग्रजी शब्द अर्थासकट पाठ केले. परवा एका मुलाखतीत 'तुमच्या गावाबद्दल सांगा' म्हणाले. मी सांगितलं, 'जालना इज नोटोरियस फॉर मोसंबी.' समोरचे तिघंही हसले. वहीत तर नोटोरियस म्हणजे 'प्रसिद्ध' असंच लिहिलंय. चुकलं कुठे? आणि आता ही वही फेकून देऊ का?
— एक वाचक, जालना

उत्तर : वही फेकू नका. आधी माझी फजिती ऐका, म्हणजे तुमचं दुःख निम्मं होईल. नोकरीचं दुसरं वर्ष. शाळेत शिक्षण खात्याचे एक अधिकारी यायचे होते आणि इंग्रजीची शिक्षिका म्हणून स्वागताचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. 'ऑफिशियल' शब्द मला फार साधा वाटला. कुठेतरी वाचलेला 'ऑफिशियस' आठवला. दिसायला तसाच, पण जास्त भारदस्त. भर सभेत मी साहेबांना 'अवर ऑफिशियस गेस्ट' म्हटलं. म्हणजे नसती लुडबुड करणारा, उगाच हुकूम सोडणारा पाहुणा! साहेबांना इंग्रजी चांगलं येत होतं. चहा घेताना एवढंच म्हणाले, "बाई, तुमचा शब्द खरा ठरायला नको, आज तपासणी लवकर उरकतो."

आता तुमच्या मोसंबीकडे येऊ. नोटोरियसचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ नुसता 'ठाऊक असलेला'. इंग्रजीतही आधी तो तितका वाईट नव्हता. पण लोक तो चोर, लबाड, खोटारडे यांच्याच मागे लावत राहिले आणि संगतीनं शब्द बिघडला, 'कुप्रसिद्ध' झाला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! आज एखादा घाट अपघातांसाठी नोटोरियस असतो, एखादा गुंड नोटोरियस असतो. भौगोलिक मानांकन मिळालेली तुमची मोसंबी नव्हे. तिला 'फेमस' चाललं असतं, 'वेल-नोन' चाललं असतं. साधा शब्द वापरला म्हणून कुणी नोकरी नाकारत नाही.

हे आपल्याला मराठीत कुणी शिकवावं लागत नाही. गाय व्याली म्हणतो, वहिनी बाळंत झाल्या म्हणतो. घटना तीच, पण शब्दांची अदलाबदल करून बघा, घरात जेवण मिळणार नाही. 'अर्थ : प्रसूत होणे' एवढंच वहीत लिहिणाऱ्या परदेशी माणसाकडून ही चूक होणारच. तुमच्या वहीनं तुमचं तेच केलंय. तिच्यात शब्द आहे, अर्थ आहे, शब्दाचे सगेसोयरे नाहीत.

एक शब्द नीट करून दाखवते. 'एक्झॅसरबेट'. तुमच्या वहीत बहुधा 'अधिक वाईट करणे' असेल. बरोबर आहे, पण अपुरं. हा शब्द येतो तो दुखणं, तंटा, टंचाई, तणाव यांच्याबरोबर, म्हणजे आधीच काहीतरी बिघडलेलं हवं. मराठीत त्याच्या जवळचा म्हणजे चिघळणं, चिघळवणं. जखम चिघळते, वाद चिघळतो, आंदोलन चिघळतं. चांगला चाललेला संसार कुणी चिघळवत नाही. आता आपल्या गावचं वाक्य करा : 'द लेट मॉन्सून एक्झॅसरबेटेड द वॉटर शॉर्टेज.' पाऊस लांबला आणि पाणीटंचाई आणखी चिघळली. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या माणसाला हा शब्द विसरता येणार नाही.

मग सतराशे शब्दांचं काय? परीक्षेत समानार्थी शब्दाला खूण करायची असते, तिथे नुसती ओळख पुरते. ती वही त्यासाठी राहू द्या. बोलण्या-लिहिण्यासाठी दुसरी वही करा आणि तिच्यात दिवसाला तीनच शब्द घ्या. प्रत्येकाला अर्धं पान. शब्द, त्याच्याबरोबर येणारे दोन-तीन शब्द, आणि स्वतःच्या घरातलं किंवा गावातलं एक वाक्य. अर्थ हातानं झाकून तेच पान दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं आणि महिन्यानं आठवून बघायचं. नुसतं वाचून काढलंत तर उपयोग नाही, आठवताना डोकं खाजवायला हवं. कोश मात्र लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घ्या. त्यात ऑफिशियससारख्या शब्दापुढे 'डिसअप्रूव्हिंग', म्हणजे नापसंतीचा, असा शेरा असतो. तो मी तेव्हा पाहिला असता तर आज तुम्हाला सांगायला ही गोष्ट नसती!

प्रश्न : नातू आठवीत आहे. त्याला रोज वीस अवघड शब्द पाठ करायला देतात. रात्री पाठ, सकाळी सपाट. काही युक्ती?
— एक आजी, ठाणे

उत्तर : वीस फार झाले. पण तुम्ही आजी आहात, त्याला शब्दांच्या गोष्टी सांगा. 'प्रोक्रॅस्टिनेट'च्या पोटात लॅटिन 'क्रास' दडलाय, म्हणजे उद्या. काम उद्यावर ढकलणं! नातवाला हा शब्द आपलाच वाटेल. 'कँडिडेट' शब्दात 'कँडिडस' आहे, म्हणजे लख्ख पांढरा. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूनं पांढराशुभ्र केलेला झगा घालून मतं मागत फिरायचा. आपल्याकडचे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे त्याला दाखवा, वेगळं काही सांगायला नको. आणि हीच मुळी 'कँडिड'मध्येही आहे, मोकळं, आतबाहेर नसलेलं बोलणं. हे दोन शब्द एका घरचे कसे, ते नातवानं विचारलं तर मोठ्या माणसांकडे पाठवा.

एका गोष्टीत दोन शब्द बसले की पाच गोष्टींत दहा होतात. उरलेल्या दहांसाठी शाळेत जाऊन वर्गशिक्षकांशी बोला; मी त्यांच्या जागी असते तर ऐकलं असतं.

प्रश्न : 'मंगूस' हा इंग्रजी शब्द मराठीतून गेला असं मुलगी सांगते. खरं का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : खरं आहे. इंग्रजी कोश त्याचं मूळ मराठी 'मुंगूस' असंच देतात. त्यातल्या 'गूस'चा, 'गीस' असं अनेकवचन होणाऱ्या 'गूस' या पाणपक्ष्याशी काही संबंध नाही, म्हणून रूढ अनेकवचन 'मंगीस' नव्हे, 'मंगूसेस' आहे. मुलीला शाबासकी द्या.