तुम्ही विचारलंत, कारवानी कुत्रा फ्लॅटमध्ये पाळावा का? शिकारी जात आहे, चावते, असं सगळे सांगतात.

आमची कारवानी कुत्री हरणी सहा वर्षांची आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या घरात राहते आणि दिवसभर सोफ्यावर पाय ताणून झोपते. त्यामुळे फ्लॅटची काळजी नको. चावण्याचं मात्र जरा सविस्तर सांगते.

लॅब्राडोर पाहुण्याच्या अंगावर उड्या मारतो, म्हणून तो प्रेमळ. कारवानी अनोळखी माणूस दिसला की दोन पावलं मागे सरते, मान वळवते, डोक्याकडे हात नेला तर अंग चोरते. लोक म्हणतात, खुनशी आहे. खुनशी कसली, बुजरी आहे! कोपऱ्यात गाठून हात लावाल तर दात दाखवेल, पण ते कुठलंही कुत्रं करेल.

मार्च २०२४ मध्ये केंद्राचं २३ जातींवर बंदी घालायला सांगणारं पत्रक आलं, तेव्हा आमचे सेक्रेटरी मोबाईल घेऊन दारात उभे. मी यादी मोठ्याने वाचली. पिटबुल, रॉटवायलर, मास्टिफ... कारवानी नाहीच. (पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केलं.) तर म्हणे, "पण दिसते तशीच ना!" निमुळतं तोंड, खोल छाती, पाठीला लागलेलं पोट. यात रॉटवायलर कुठे दिसला, देव जाणे.

खालच्या काकूंचा आरोप वेगळा. "अगं, हिला खायला घालतेस की नाही?" मग जिन्यात तुपातली पोळी. या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्याच पाहिजेत, हे त्यांना पटवायला वर्ष गेलं. अंगावर चरबी कमी असते, म्हणून ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना जात आधी सांगा. थायोपेंटोनसारख्या औषधाची भूल या कुत्र्यांना लवकर उतरत नाही.

आता जो गैरसमज नाही, तो भाग. ही नजरेने सावज हेरून शिकार करणारी जात आहे. हरणी वर्षाची असताना पार्किंगमधून एक मांजर पळालं. हिने मागे झटका दिला, पट्टा कानांवरून सुटून माझ्या हातात राहिला आणि ही कंपाउंडच्या टोकाला. यांचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, साधा पट्टा सहज निघतो, हे मला तेव्हा कळलं. हाका मारून घसा बसला, एकदाही वळली नाही. मांजर गाडीखाली घुसलं म्हणून वाचलं. तेव्हापासून ओढलं की आवळणारा रुंद मार्टिंगेल पट्टाच वापरते, आणि मोकळं सोडते ते फक्त भिंत असलेल्या मैदानात. रोज सकाळी पंधरा-वीस मिनिटं पोटभर धावू दिलं की बाकी दिवस शांत. ते जमणार नसेल तर ही चपला फाडेल, आणि त्यात चूक तिची नसेल.

पिल्लू आणायचं तर लातूर जिल्ह्यातलं जानवळ या जातीसाठी ओळखलं जातं. कर्नाटकातल्या मुधोळकडेही चौकशी करा. मुधोळ हाउंड आणि कारवानी वेगळे की एकच, यावर लोक तासन् तास भांडतात, माझ्या मते एकच. विकणारा आई-बापाने ससा धरल्याचा व्हिडिओ कौतुकाने दाखवू लागला तर तिथून निघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि त्या माणसाने पिल्लांना माणसांची सवय लावली असेल असं मला वाटत नाही. पिल्लू तुमच्याकडे स्वतःहून हुंगायला येतं की पलंगाखाली दडतं, तेवढं बघा.

घरात मांजर आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. असेल तर आधी ते सांगा.