"काहीही द्या, पाच मिनिटांत उठतो!"

साडेतीन-चार वर्षांच्या मुलांचे आईबाबा माझ्याकडे येतात तेव्हा एक तक्रार हमखास असते. घरात याला गुंतवायचं तरी कशात? पिंपरीकडच्या एका आईचीही तीच होती (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). मुलगा साडेतीन वर्षांचा, आई घरूनच ऑफिसचं काम करणारी, सोबत सासूबाई. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून तिने कपाटभर सामान जमवलं होतं. घोटीव कागद, टिकल्या, लोकरीचे गोंडे, स्टिकर, तीन तऱ्हेचे रंग. दर रविवारी आठवड्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावायची. बुधवारपर्यंत ते बारगळायचं आणि मोबाइल मुलाच्या हातात जायचा.

"मॅडम, याचं लक्षच लागत नाही. हायपर तर नसेल ना?" हा तिचा खरा प्रश्न होता आणि तो विचारताना आवाज एकदम खाली गेला होता.

मी परातीत कणकेचा गोळा ठेवला आणि दोघांना म्हटलं, खेळा. मुलाने गोळ्यात बोट खुपसलं, काढलं, भोकात डोकावून पाहिलं. मग शेजारी दुसरं भोक. "अरे वा! आपण हत्ती करू या?" आई म्हणाली. त्याचं तिसरं भोक चाललं होतं. "सोंड कुठाय हत्तीची? तशी नाही रे, थांब, मी दाखवते." गोळा तिच्या हातात गेला. हत्ती तिने खरंच सुरेख केला, कानबिन लावून. मुलगा उठून खिडकीपाशी गेला होता. "बघितलंत ना? हे असं असतं."

मी बघितलं ते असं: मुलगा भोकं पाडण्यात रंगला होता, हत्ती आईला हवा होता. हातातलं काम काढून घेतल्यावर तो उठला, आणि कोणीही उठलं असतं.

हे ऐकून ती जरा दुखावली. "पण नुसती भोकं पाडून शिकणार काय?" प्रश्न वाजवी आहे. बोटांत जोर येतो, किती दाबलं की काय होतं ते कळतं, आणि पुढे पेन्सिल धरायला लागणारी पकड अशाच कामांतून तयार होते. हत्ती झाला काय आणि नाही झाला काय, बोटांचं काम होतच असतं. व्हिडिओतल्या त्या देखण्या वस्तू फोटोसाठी असतात, मुलासाठी नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हायपरबद्दलही बोललो. या वयात मूल एका कामावर काही मिनिटंच टिकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या शिफारशींप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसाकाठी किमान तीन तास हालचाल व्हायला हवी, त्यातला एक तास चांगली धावपळ. बसून स्क्रीन बघणं एक तासाच्या वर नको, कमी तितकं बरं. म्हणजे 'एका जागी बसत नाही' ही या वयात तक्रारच नव्हे. या मुलाने माझ्या टेबलाखाली 'घर' केलं होतं, मला खोटा चहा पाजला होता आणि साखर संपल्याचंही सांगितलं होतं. हाक मारली तरी मूल वळून पाहत नाही, तिसरं वर्ष उलटूनही दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलत नाही, खोटं-खोटं खेळतच नाही, असं असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावं. इथे तसं काही नव्हतं.

मग कपाटाला कुलूप आणि वेळापत्रक फ्रिजवरून खाली. त्याऐवजी रोज घरातल्या एखाद्या खऱ्या कामात त्याचा वाटा. मटार सोलणं त्याला सगळ्यात आवडलं. शेंगेचं टोक आईने आधी मोडून द्यायचं, म्हणजे त्याच्या बोटांना ती उघडते. दाणे घरभर उडाले तर उडू द्यायचे, नंतर ते वेचणं हाही खेळच. फक्त मोठं माणूस शेजारी हवं. मटार, चिंचोके, शेंगदाणे मुलं नाकात घालतात, आणि घशाकडून श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेततं. तीन वर्षांच्या आतल्या मुलांना तर असलं काही देऊच नये.

सासूबाईंचा विरोध पसाऱ्याला होता, आणि पुसायचं त्यांनाच असल्याने तो रास्त होता. म्हणून पाण्याचे खेळ आंघोळीच्या आधी, न्हाणीघरात: दोन तांबे, एक नरसाळं, एक चाळणी. बाल्कनीच्या भिंतीला जुन्या ब्रशने नुसत्या पाण्याचा 'रंग'. उन्हात तो वाळतो, की पुन्हा पहिल्यापासून रंगवायचं. पावसाळी दिवसांत गाद्यांचा डोंगर.

आजी खऱ्या अर्थाने सामील झाल्या त्या हळदीमुळे. मी सुचवलं होतं, हळदीच्या पाण्याने कागद रंगवा, वाळू द्या आणि त्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवा. पिवळ्यावर लाल रेघ उमटली तेव्हा मुलगा ओरडलाच. आजींनी सांगितलं, हळदीला चुना लावून कुंकू असंच करतात. मग त्याला घरातली प्रत्येक पिवळी वस्तू तपासायची होती. केळ्यावर काही होईना, याचा त्याला फार राग आला. आजींच्या रुमालावर डाग पडले, ते उन्हात फिके होतात हेही त्यांनीच सुनेला सांगितलं.

यातलं काहीच मी शोधलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडण्यासारखी नव्हती. पानं, बिया, शंखशिंपले, माती, आसपास मिळेल त्यातून साधनं उभी राहिली. आपण मात्र ऑनलाइन गोंडे मागवतो.

"पण मला वेळ कुठाय?" हे तिने विचारलंच. रोज वीस मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, आणि सूचना न देता शेजारी बसायचं, एवढंच मागितलं होतं. सूचना न देणं तिला सगळ्यात जड गेलं. सुरुवातीला ती अक्षरशः हाताची घडी घालून बसायची. मीटिंग लांबली की अर्धा तास कार्टून लावते आणि मला तसं सांगते. मी हरकत घेत नाही.

सध्या अडचण बाबांची आहे. संध्याकाळी दारातून आत आले की पहिला प्रश्न, "आज काय बनवलंस? दाखव बघू." दाखवायला काही नसतं, मुलगा गप्प होतो, आणि बाबा बायकोला विचारतात की दिवसभर केलं काय. येत्या शनिवारी त्यांना बोलावलं आहे.