‘स्वयंचालित’ मोटार आणि ‘गाडीने’मधला ‘ने’

प्रश्न असा आहे : स्वतःच चालणाऱ्या मोटारींविषयीच्या लोकमतावरील लेखाचा अनुवाद करताना ‘स्वयंचलित’, ‘स्वयंचालित’, ‘चालकविरहित’ आणि ‘स्वायत्त’ यांपैकी कोणता शब्द वापरावा, आणि ‘अशा प्रसंगी गाडीने काय करावे?’ ही रचना मराठीत चालेल का?

‘स्वयंचलित’ हा शब्द इथे अपुरा पडतो, कारण बैल किंवा घोडा न जुंपता इंजिनाच्या बळावर धावणाऱ्या कोणत्याही वाहनाला तो लावला जातो. ‘चालित’ हे प्रयोजक रूप आहे, म्हणून ‘स्वयंचालित’ म्हणजे स्वतःच स्वतःला चालवणारे, हा अर्थ नेमका बसतो. ‘चालकविरहित’ सरसकट वापरू नये. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात टेंपी येथे उबरच्या चाचणीतील मोटारीची धडक बसून रस्ता ओलांडणारी एक महिला मरण पावली, तेव्हा चालकाच्या आसनावर देखरेखीसाठी माणूस बसलेला होता. ‘स्वायत्त’ हा शब्द मात्र मला निश्चितपणे चुकीचा वाटतो. ‘आयत्त’ म्हणजे अधीन, म्हणून ‘स्वायत्त’ म्हणजे केवळ स्वतःच्याच अधीन. स्वायत्त महाविद्यालय आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवते, पण मोटार आपले नियम स्वतः ठरवत नाही.

दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. मराठीत ‘ने’ हा प्रत्यय कर्त्यालाही लागतो आणि करणालाही, म्हणजे क्रियेच्या साधनालाही : ‘सुताराने करवतीने फळी कापली.’ ‘आम्ही गाडीने नाशिकला गेलो’ यात गाडी हे साधन आहे; ‘गाडीने निर्णय घेतला’ म्हणताच तीच गाडी कर्त्याच्या जागी येते आणि ज्यांनी ती घडवली ते वाक्यातून नाहीसे होतात. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या ‘मॉरल मशीन’ या प्रयोगात अटळ अपघाताची चित्रे दाखवून गाडीने काय करावे, असेच विचारले होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत जगभरातून आलेले सुमारे ४ कोटी निर्णय होते, आणि प्राण्यांपेक्षा माणसे, थोड्यांपेक्षा अधिक जण व वृद्धांपेक्षा तरुण वाचवावेत, असा एकंदर कल त्यांत दिसला. प्रश्नाचे शब्द तसेच असल्याने ते उद्धृत करताना ‘गाडीने काय करावे?’ हे व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे आणि तसेच ठेवावे.

मात्र लेखाच्या स्वतःच्या विधानांत ‘गाडी कशी घडवावी?’ किंवा ‘गाडीला कोणते नियम घालून द्यावेत?’ असे लिहावे, असा माझा आग्रह आहे. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांनी अधिक जीव वाचवणाऱ्या गाड्यांना मान्यता दिली, पण स्वतः बसण्यासाठी प्रवाशाला जपणारी गाडी पसंत केली. म्हणजे ‘गाडीने’च्या जागी ‘माझ्या गाडीने’ आले की मतही पालटते, आणि अनुवादात हे ‘माझ्या’ गाळून मुळीच चालणार नाही.

जर्मनीच्या नीतिविषयक आयोगाने २०१७ मध्ये २० नियम मांडले. अटळ अपघातात वय, लिंग यांसारख्या वैयक्तिक लक्षणांवरून भेद करण्यास त्याने मनाई केली आणि चालकावरची जबाबदारी उत्पादक, यंत्रणा चालवणारे व धोरण ठरवणाऱ्या संस्था यांच्याकडे जाते, असे म्हटले. हा भाग अनुवादताना ‘गाडीने भेद करू नये’ असे न लिहिता ‘गाडीच्या आज्ञावलीत असा भेद कोणी घालू नये’ असे लिहावे. त्यातला ‘कोणी’ हाच खरा कर्ता आहे.