ब्लेडांचा साठा वेगळा, ब्लेडांचा संग्रह वेगळा

प्रश्न: दाढीच्या शंभर ब्लेडांचा खोका न्हाणीघरातल्या आरशामागच्या कपाटात ठेवला होता. आठ महिन्यांनी उघडला तर काही पात्यांवर तपकिरी ठिपके. वर ‘स्टेनलेस’ असं ठळक छापलेलं आहे. मग गंज आला कुठून?

उत्तर: स्टेनलेस म्हणजे न गंजणारं नव्हे, उशिरा गंजणारं. ब्लेडच्या पोलादात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की त्याचा डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा तयार होतो आणि तो लोखंडाची राखण करतो. स्वयंपाकाच्या भांड्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियम याहून बरंच जास्त असतं. शिवाय धार कडक राहावी म्हणून ब्लेडमध्ये कार्बन भरपूर घालतात आणि तो कार्बन काही क्रोमियम स्वतःकडेच अडकवून ठेवतो. म्हणजे राखणदार आधीच कमी, त्यातले काही दुसऱ्या कामाला जुंपलेले.

त्यातून तुम्ही जागा निवडली न्हाणीघरातली. गरम पाण्याची वाफ उठते, ती थंड पात्यावर बसते, वाळते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते. फरशी धुवायचं ॲसिड किंवा ब्लीच त्याच खोलीत ठेवत असाल तर त्याच्या वाफा स्टेनलेसचासुद्धा पापुद्रा फोडतात. खोका आजच बाहेर काढा. बेडरूममधल्या कपाटाचा मधला कप्पा उत्तम. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट मात्र नको, ती भिंत थंड पडते आणि ओल धरते.

घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारं सिलिका जेल हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय बरोबरच आहे, पण त्यात एक गफलत होते. पाच लिटरच्या डब्यातल्या हवेत, ती ३० अंशांना कितीही दमट असली तरी, जेमतेम ०.१५ ग्रॅम पाणी असतं. खरं पाणी असतं पुठ्ठ्यात. दमट हवेत पुठ्ठा स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी सहज धरून बसतो. दोनशे ग्रॅम पुठ्ठा आत गेला तर वीसेक ग्रॅम पाणी तुम्हीच झाकण लावून कोंडलंत! त्यापुढे जेलची दहा ग्रॅमची पुडी काय पुरणार? म्हणून बाहेरचे खोके काढून टाका, आतल्या ब्लेडांच्या पुड्या कोरड्या दिवशी तासभर पंख्याखाली ठेवा आणि मगच डबा बंद करा. रंग बदलणारं सिलिका जेल घेतलं तर ते कधी वाळवायचं हे रंगच सांगतो.

प्रश्न: ब्लेडला एक्स्पायरी असते का? मी हौसेने सहाशे घेऊन ठेवली आहेत.

उत्तर: कोरडी राहिली तर नसते. धार पडून राहिल्याने बोथट होत नाही, दाढीने होते. केस पोलादाहून जवळजवळ पन्नास पट मऊ, तरी धारेचे बारीक टवके उडतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून दाखवलं, की धार नेमक्या कुठल्या जागी कमकुवत असते आणि केस कुठल्या कोनात आला की टवका निघतो. कपाटात केस नाहीत, म्हणून टवकेही नाहीत.

हिशोब मात्र करा. एका ब्लेडवर पाच दाढ्या, रोज एक, म्हणजे सहाशे ब्लेडं आठ वर्षांहून जास्त पुरतील. आठ वर्षांनी तुम्हाला हेच ब्लेड आवडेल का, हा माझा खरा प्रश्न आहे. डब्यावर खरेदीचा महिना लिहा आणि जुनी आधी वापरा.

प्रश्न: फ्रिजमध्ये ठेवली तर?

उत्तर: नको. थंड पातं बाहेर काढताच त्यावर दव धरतं.

प्रश्न: वडिलांच्या पेटीत जुन्या ब्लेडांच्या न फोडलेल्या पुड्या सापडल्या, वेष्टणांवर सुंदर चित्रं आहेत. आत काय अवस्था आहे ते उघडून पाहू का? आणि ठेवू कशात?

उत्तर: उघडू नका. तुमच्याकडे आहे तो संग्रह, आणि संग्रहात पात्यापेक्षा वेष्टणाला मोल. पुडीची घडी एकदा मोडली की तशी पुन्हा बसत नाही. मी एकदा मोह आवरला नाही. बाहेरचा छापील कागद, आत मेणकागद, त्यावर पातं जागेवर धरून ठेवणारे मेणाचे बारीक ठिपके. कागद सोलला तसा एक ठिपका पात्याबरोबर उपटला गेला आणि कागदाला भोक पडलं. पातं तर मला पुडीवरून हलकं बोट फिरवूनही कळलं असतं! गंजलं असेल तर कागद खडबडीत लागतो आणि बाहेर तांबूस डाग उमटतो.

काळाचा अंदाज पात्यावरूनही येतो, पण फक्त सुट्या पात्यांवर समाधान माना. जिलेटच्या ब्लेडचं पेटंट १९०४चं. त्या घडणीत तीन गोल भोकं असायची, मधली लांब फट १९३० च्या सुमारास आली. स्टेनलेस सगळीकडे पसरलं १९६० च्या दशकात, त्याआधीची ब्लेडं बहुतेक साध्या कार्बन पोलादाची. ती सर्वांत आधी गंजतात. सुटं पातं असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवा. खायचं तेल नको, ते चिकट होतं. वेष्टणातल्या पात्याला तेल अजिबात लावू नका, कागद कायमचा डागाळतो. आणि पातं धरायचं ते आखूड कडांनी, कारण घामातल्या क्षारांनी बोटांचे ठसे महिन्याभरात गंज होऊन वर येतात.

ठेवण्यासाठी पॉलिस्टरचे पारदर्शक पाकीट आणि आम्लरहित पुठ्ठा घ्या. पीव्हीसीचे मऊ कप्पे टाळा. माझ्या एका वेष्टणावरचा निळा रंग तीन वर्षांत कप्प्याच्या आतल्या बाजूला चिकटून आला, चित्र कागदावर अर्धं आणि प्लॅस्टिकवर अर्धं. ओकच्या लाकडी पेटीचा मोहही आवरा, त्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघत राहते. रबरबँडमध्ये गंधक असतं, स्टेपलरची पिन स्वतःच गंजते. उन्हात, काचेच्या फ्रेममध्ये टांगायचं असेल तर वेष्टणाची रंगीत प्रत टांगा.

प्रश्न: वापरलेली ब्लेडं त्याच डब्याच्या कोपऱ्यात टाकतो. चालेल?

उत्तर: नाही. ती ओली असतात, आणि अंधारात हात घातला की कुठलं नवं ते बोटाला आधी कळतं. पत्र्याच्या डबीच्या झाकणाला पातं जेमतेम जाईल एवढी फट पाडा, झाकण पक्कं चिकटवा आणि भरली की फट टेपने बंद करून डबीसकट टाका. घरात लहान मूल असेल तर नवा साठासुद्धा कुलुपात. वरची फळी पुरत नाही, मुलं खुर्ची ओढतात.

प्रश्न: गंजलेली ब्लेडं घासून वापरता येतील का?

उत्तर: धारेच्या टोकाची जाडी मायक्रोनहूनही कमी असते, गंजाने पहिला घास तिचाच घेतलेला असतो. जे घासाल ते पोट, धार नव्हे. पत्र्याच्या डबीत टाका.